पाहुणा ग्रह आणि घरचा धनी

(श्रीराममंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त चैत्र नवरात्रात मंदिराच्या नव्या सभामंडपात झालेले व्याख्यान. ग्रामस्थांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



समितीने मला बोलायला उभे केले हा माझा मोठा सन्मान आहे. मी काही कीर्तनकार नाही, शास्त्रीबोवाही नाही. जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकवले आणि वडिलांकडून आलेले ज्योतिष जमेल तसे सांभाळले. या पंचक्रोशीतली किती टिपणे माझ्या हातून गेली त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तेव्हा विषयही त्यातलाच निवडला आहे. पत्रिकेत ग्रह कुठे बसला हे सगळेच विचारतात. तो ज्याच्या घरात बसला त्या घराचा धनी कोण आणि तो धनी कोणत्या हालात आहे, हे फार थोडे लोक विचारतात. आज त्या धन्याविषयी चार शब्द सांगणार आहे. आणि शेवटी माझी एक चूकही आपणापुढे ठेवणार आहे, कारण देवाच्या दारात उभे राहून फक्त शहाणपणाच्या गोष्टी सांगणे बरे नव्हे.

प्रथम साधी गोष्ट. आकाशाच्या वाटेचे बारा भाग केले, त्यांना आपण राशी म्हणतो. प्रत्येक राशीला एक मालक नेमलेला आहे. सिंहेचा मालक रवी, कर्केचा चंद्र. या दोघांना एकेकच घर. बाकी पाच ग्रहांना दोन दोन घरे. मिथुन आणि कन्या बुधाची, वृषभ आणि तूळ शुक्राची, मेष आणि वृश्चिक मंगळाची, धनु आणि मीन गुरूची, मकर आणि कुंभ शनीची. पाठ करायला हे अवघड वाटते, पण त्यात एक सुंदर बेत आहे. कर्क आणि सिंह ही राजा-राणीची घरे मधोमध धरा. त्यांच्या दोन्ही बाजूंना लागून बुधाची घरे, मग शुक्राची, मग मंगळाची, मग गुरूची आणि अगदी टोकाला शनीची. जो ग्रह चालीला जितका मंद, त्याचे घर तितके लांब. आपल्या गावात जशी वाड्याभोवती आळी, आळीभोवती वस्ती आणि शेवटी शिवेवरची घरे, तसाच हा बेत आहे. शाळेत मी पोरांना असेच शिकवीत असे आणि एकदा शिकलेले पोर विसरत नसे.

आता ग्रह काही आपापल्या घरात बसून राहत नाहीत. ते फिरते आहेत. म्हणजे जन्मवेळी बहुतेक ग्रह दुसऱ्याच्या घरी पाहुणे असतात. ज्याच्या राशीत ग्रह बसला आहे, त्या राशीच्या स्वामीला राशीश किंवा राशिस्वामी म्हणतात. मी त्याला आपल्या भाषेत घरचा धनी म्हणतो.

हे आपणा सर्वांना न कळत ठाऊकच आहे. जानेवारीच्या मध्यास मकरसंक्रांत येते. आपल्या आज्या काय सांगत असत? सूर्य लेकाच्या घरी गेला. शनी हा सूर्याचा पुत्र, आणि बापलेकांचे पटत नाही. मकर आणि कुंभ ही दोन्ही घरे शनीचीच, म्हणून सूर्य दोन महिने लेकाकडे राहतो. मग गोड बोला, तिळगूळ घ्या, असे आपण एकमेकांना सांगतो. पुढे मार्चच्या मध्यास तो मीनेत गुरूच्या घरी जातो आणि एप्रिलच्या मध्यास मंगळाच्या मेषेत जाऊन उच्चीचा होतो. सूर्य तोच. घर बदलले, धनी बदलला, की त्याची वागणूक बदलते असे ज्योतिष मानते.

पाहुण्याचे सुख धन्यावर असते हे तुम्हांला मी काय सांगावे? तुम्ही कितीही मोठे पाहुणे असा, ज्याच्या घरी गेलात त्याच्या घरात चूल पेटली नसेल तर तुम्हांला जेवण कुठून मिळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि उलट, तुम्ही साधे, पण यजमान मातबर आणि मनाचा मोठा असेल, तर पाटावर बसवून पुरणपोळी वाढतो. ग्रहाचे बळ पाहताना हा विचार सोडला तर निम्मे वाचन राहून जाते.

म्हणून धन्याविषयी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तो कुठे बसला आहे. लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या या केंद्रस्थानी, किंवा पाचव्या, नवव्या या त्रिकोणी असेल तर तो उभा राहू शकतो. सहाव्या, आठव्या, बाराव्यात अडकला असेल तर त्याला स्वतःचेच पुरेसे झालेले असते. दुसरी, तो स्वतः कसा आहे. उच्चीचा, स्वगृही, मित्राकडे, की नीचीचा आणि अस्तंगत. तिसरी, पाहुण्याचे आणि त्याचे पटते का. रवी धनू राशीत असेल तर तो गुरूचा पाहुणा, आणि त्या दोघांची मैत्री आहे. तोच रवी तुळेत गेला तर नीचीचा होतो आणि वर यजमान शुक्र, त्याच्याशी वैर. या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच तोंड उघडावे, असे वडील मला सांगत.

राहू आणि केतू यांची गोष्ट वेगळी. ते छायाग्रह. बहुतेक परंपरांत त्यांना स्वतःचे घर दिलेले नाही. ज्याच्या घरात बसतील आणि ज्याच्या संगतीत असतील त्याप्रमाणे ते फळ देतात असे मानतात. म्हणजे त्यांच्या बाबतीत धन्याला विचारल्याशिवाय काहीच बोलता येत नाही. राहू दिसला की घाबरणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. अलीकडच्या काळात कृष्णमूर्ती पद्धतीने आणखी पुढे जाऊन राशीच्या धन्याबरोबर नक्षत्राचा धनी महत्त्वाचा धरला. महाराष्ट्रात ती पद्धत पुष्कळ रुजली. मार्ग वेगळा, पण विचार तोच की ग्रहाला एकटा पाहू नये.

आता जुन्या ग्रंथांत या धन्याला किती मान आहे त्याची दोन उदाहरणे देतो. मंत्रेश्वरांच्या फलदीपिकेत नीचभंगाचा नियम आहे. एखादा ग्रह नीच राशीत पडला तरी त्या राशीचा स्वामी, किंवा तो ग्रह ज्या राशीत उच्चीचा होतो त्या राशीचा स्वामी, लग्नापासून अथवा चंद्रापासून केंद्रात असेल, तर नीचपणा मोडतो आणि तोच योग राजयोगासारखा होतो. म्हणजे काय? पाहुणा खाली पडलेला आहे, पण घरचा धनी दारात उभा आहे, हात देतो आहे. पडलेला माणूस उठतो.

दुसरे उदाहरण परिवर्तनाचे, ज्याला आपण अन्योन्ययोग म्हणतो. मी तुझ्या घरी, तू माझ्या घरी. बारा स्थानांच्या जोड्या केल्या तर त्या सहासष्ट होतात. त्यांपैकी सहाव्या, आठव्या, बाराव्या स्थानाचा ज्यांत संबंध येतो अशा तीस, त्यांना दैन्ययोग म्हटले. तिसऱ्या स्थानाच्या उरलेल्या आठ, त्यांना खलयोग म्हटले. बाकी अठ्ठावीस, ते महायोग. तीस, आठ आणि अठ्ठावीस मिळून सहासष्ट. ज्यांना हिशेब आवडतो त्यांनी घरी जाऊन पाटीवर मोजून पाहावे, बरोबर येतो. या दोन ग्रहांनी एकमेकांची घरे सांभाळलेली असतात. दोन भाऊबंदांनी एकमेकांच्या शेताला पाणी द्यावे तसे ते आहे. एकाचे पीक दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून दोघेही सांभाळून वागतात.

इथे मी थांबतो आणि माझी चूक सांगतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पत्रिका भराभर पाहत असे आणि त्याचा मला अभिमान होता. एके दिवशी मुलाकडची मंडळी माझ्याकडे आली. मुलगी शेजारच्या गावची. मुलीचे वडीलही बरोबर होते. घरचे बेताचे, पण माणूस सरळ. मंडळींनी दोन्ही टिपणे माझ्यापुढे ठेवली. मुलीचे मकर लग्न, आणि सप्तमात कर्केचा मंगळ. मी कुंडलीवर एक नजर टाकली आणि म्हणालो, “सातव्यात मंगळ, तोही नीचीचा. मी काही या लग्नाला हो म्हणणार नाही.” एवढेच. दोन वाक्ये. मुलाकडची मंडळी तिथून तशीच मुलीच्या घरी निरोप द्यायला गेली आणि पुढ्यात आलेला चहा अर्धा ठेवून उठली, असे मला मागून कळले. स्थळ मोडले. आणि खेडेगावात एक स्थळ अशा कारणाने मोडले की पुढची चार स्थळे दारापर्यंतही येत नाहीत. “जोशीमास्तरांनी सांगितलंय” एवढे पुरते.

पुढे दहा-बारा वर्षांनी माझ्या जुन्या वह्यांना वाळवी लागली, म्हणून मी एकेक टिपण नव्या वहीत उतरवायला बसलो. ते टिपण हाती आले. मंगळ कर्केत, कर्केचा धनी चंद्र. चंद्र कुठे? मेषेत, म्हणजे मकर लग्नापासून चौथ्या केंद्रात. नीचभंग समोर बसलेला होता. आणि मेष कुणाची? मंगळाची. मंगळ चंद्राच्या घरी, चंद्र मंगळाच्या घरी. चतुर्थेश आणि सप्तमेश यांचे परिवर्तन, अठ्ठावीस महायोगांपैकी एक. माझ्याच शास्त्राप्रमाणे जे टिपण मी उचलून धरायला हवे होते, ते मी खाली टाकले होते. पाहुण्याकडे पाहिले आणि घरच्या धन्याला हाकही मारली नाही.

मी त्या घरी गेलो. वडील तोवर गेले होते. मुलगी, आता तिला बाई म्हटले पाहिजे, बालवाडीत शिकवीत होती. लग्न झालेले नव्हते. मी ओसरीवर बसून सगळे सांगितले, हात जोडले. तिने पाणी आणून दिले आणि म्हणाली, “मास्तर, मंगळ नीच का उच्च ते तुमचं तुम्ही बघा. पण त्या दिवशी मी आत चुलीपाशी होते. चहा मीच केला होता. मला कुणी काही विचारलंच नाही.”

मंडळी, मी ग्रंथातला नियम विसरलो ही माझी लहान चूक. मोठी चूक तिने सांगितली. एका माणसाच्या आयुष्याचा निर्णय मी दोन वाक्यांत केला, आणि ते माणूस भिंतीपलीकडे बसले होते. त्या दिवसापासून मी कुणाच्याही टिपणावरून लग्नाला नको म्हटलेले नाही. आज तिची परवानगी घेऊनच हे बोललो आहे. नाव सांगत नाही. आपल्या मंदिराच्या कामात तिचाही हात आहे, एवढे सांगतो.

आता ज्याच्यासाठी आपण जमलो आहोत त्या प्रभू रामचंद्रांच्या पत्रिकेकडे वळू. वाल्मीकींनी रामजन्माच्या प्रसंगी चैत्र शुद्ध नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्न, लग्नी चंद्रासह गुरू आणि पाच ग्रह उच्चीचे असे वर्णन केले आहे. परंपरेने ते पाच ग्रह असे सांगतात: मेषेचा रवी दशमात, मकरेचा मंगळ सप्तमात, कर्केचा गुरू लग्नात, मीनेचा शुक्र नवमात आणि तुळेचा शनी चतुर्थात. चंद्र उच्चीचा नाही, पण कर्केत म्हणजे स्वतःच्या घरात आहे.

आता आपण धन्यांची साखळी धरू. रवी मेषेत, मेषेचा धनी मंगळ. मंगळ मकरेत, मकरेचा धनी शनी. शनी तुळेत, तुळेचा धनी शुक्र. शुक्र मीनेत, मीनेचा धनी गुरू. गुरू कर्केत, कर्केचा धनी चंद्र. आणि चंद्र कुठे? स्वतःच्या घरी. साखळी तिथे थांबली. राहिला बुध. तो सूर्यापासून फार लांब जात नाही, म्हणून मीन, मेष किंवा वृषभ यांतच असणार. मीनेत असो, मेषेत असो की वृषभेत असो, तो गुरू, मंगळ किंवा शुक्र यांच्या घरी, आणि ते तिघेही शेवटी चंद्रापाशीच येतात. म्हणजे सातही ग्रहांची वाट एका दारात संपते. पाच पाच उच्चीचे ग्रह, पण सगळ्यांचा अखेरचा धनी चंद्र. आणि ज्योतिषात चंद्र म्हणजे मन. पराक्रम, राज्य, तप, वैभव, विद्या, सगळे शेवटी एका स्थिर मनाच्या आश्रयाला आलेले आहे. रामचरित्राची याहून नेमकी पत्रिका कोणी मांडली असती असे मला वाटत नाही.

हिशेबी श्रोते मला इथे अडवतील, आणि त्यांनी अडवावे. नवमी तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे कमीत कमी शहाण्णव अंश असला पाहिजे. पुनर्वसू नक्षत्र तर कर्केच्या तीन अंश वीस कलांवर संपते. तिथून शहाण्णव अंश मागे मोजले तर सूर्य मेषेत येत नाही, मीनेतच राहतो. म्हणजे पंचांगाच्या गणिताने या साऱ्या गोष्टी एकाच वेळी जुळत नाहीत. मी ही गोष्ट लपवीत नाही. माझ्या मते ही पत्रिका भक्तीने मांडलेली आहे, तिच्यात कवीला रामाविषयी काय वाटले ते आहे. आणि गंमत पाहा, सूर्य मीनेत धरला तरी त्याचा धनी गुरू, आणि गुरूचा धनी पुन्हा चंद्रच.

दुसरी गोष्ट नीट ऐका, विशेषतः ज्यांच्या घरी लग्नाची मुले-मुली आहेत त्यांनी. रामाच्या पत्रिकेत सप्तमात मंगळ आहे. म्हणजे आपल्या आजच्या बोलीत प्रभू रामचंद्र मंगळाचे! कोणी म्हणेल, म्हणून तर सीतावियोग झाला. असेल. पण मग जनकराजाने हे स्थळ मोडायला हवे होते असे या मंडपात कोणी म्हणेल का? जनकाने पत्रिका मागितली नाही, धनुष्य पुढे ठेवले. मुलाच्या अंगात काय आहे ते पाहिले. आणि पाच उच्च ग्रह असूनही चौदा वर्षांचा वनवास चुकला नाही, हेही ध्यानात असू द्या. चांगली पत्रिका म्हणजे दुःख येणार नाही अशी हमी नव्हे.

साखळीविषयी आणखी एक खुलासा. प्रत्येक पत्रिकेत ती अशी एका ग्रहापाशी संपत नाही. कधी दोन ग्रह स्वगृही असतात आणि बाकीचे त्या दोघांत वाटले जातात. कधी कुणीच स्वगृही नसते, तेव्हा शेवटी दोघांचे परिवर्तन सापडते, किंवा तीन-चार ग्रह एकमेकांच्या घरी गोल फिरताना सापडतात. पहिलीचा पाहुणा दुसरीकडे, दुसरीचा तिसरीकडे आणि तिसरीचा पहिलीकडे, तशी गत. जुने ग्रंथ मुख्यत्वे एक पायरी, फार तर दोन पायऱ्या पाहतात. लग्नेश ज्या राशीत आहे तिच्या स्वामीचे बळ पाहून त्यांनी काही शुभ योग सांगितले. साखळी टोकापर्यंत नेणे उपयोगाचे आहे, पण त्यावरून एकदम निकाल देऊ नये.

याचे कारणही सांगतो. ही साखळी केवळ राशींवरून होते, तिला लग्न लागत नाही. लग्न साधारण दोन तासांनी बदलते. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस राहतो. म्हणून आपल्याकडे जुन्या माणसांच्या जन्मवेळा “गुरे घरी आली तेव्हा” किंवा “शाळेची घंटा झाली तेव्हा” अशा असल्या, तरी साखळी बहुधा चुकत नाही. हा तिचा गुण. पण त्याच कारणाने त्या दिवशी जगभर जन्मलेल्या बहुतेक मुलांची साखळी एकच असते. मग सगळ्यांचे नशीब एक कसे असेल? आणि ग्रह राशीच्या अगदी कडेला असेल तर अयनांशाचा प्रश्न येतो. आपली बहुतेक पंचांगे चित्रापक्षाचे अयनांश घेतात, काही मंडळी सुमारे दीड अंशाने कमी घेतात. तेवढ्या फरकाने कडेचा ग्रह शेजारच्या घरात जातो आणि त्याचा धनीच बदलतो. एका पंचांगात गुरू, दुसऱ्यात शनी! अशा वेळी छातीठोकपणे बोलणाऱ्या जोशापासून सावध राहावे. मीही तसाच एक होतो, म्हणून सांगतो.

आणि आता जे सांगतो ते माझ्या व्यवसायाच्या विरुद्ध आहे. २००८ साली पुण्यात थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस पत्रिका देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. बरोबर आलेली उत्तरे सरासरी शेकडा सेहेचाळीस. नाणे उडवले तरी शेकडा पन्नास येतात. ते वाचून मला राग आला होता. मग मी माझ्या बालवाडीच्या बाईंची आठवण काढली आणि राग गेला. ज्या चाचणीत इतके जण चुकले, त्याच विद्येच्या जोरावर मी एका मुलीचे स्थळ मोडले होते.

मग मी अजून पत्रिका का पाहतो, असे तुम्ही विचाराल. माणसे येतात, बसतात, मनातले बोलतात. टिपण मधे ठेवले की बाप मुलाविषयी आणि सासू सुनेविषयी जरा शांतपणे बोलते. तेवढ्यापुरता माझा उपयोग आहे. पण माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. टिपणावरून स्थळ मोडू नका. मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पुरी होऊ द्या. पत्रिका पाहायचीच तर पाहा, पण त्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करा, मुलाचे व्यसन विचारा, आणि सगळ्यांत आधी मुलीला विचारा. तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावून, पाटावर बसवून विचारा.

शेवटी आपल्या या मंदिराविषयी. घर फिरले की घराचे वासे फिरतात असे म्हणतात. आपल्या जुन्या सभामंडपाचे वासे खरोखरच फिरले होते. कौले सरकली होती, पावसाळ्यात गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी येत असे आणि पुजारी परात लावून ठेवीत. त्या वेळी देवाचे तेज कमी झाले होते का? देव तोच होता. पण देव आपल्या गावात आपला पाहुणा आहे आणि घरचे धनी आपण आहोत. धनी झोपला, म्हणून पाहुण्याच्या अंगावर पाणी गळत होते. धनी जागा झाला आणि आज हा मंडप उभा आहे. मुंबईच्या चाळींतून महिन्याच्या पगारातले पैसे पाठवणाऱ्यांनी तो उभा केला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी दगड वाहिले, चुना-सिमेंट कालवले. परवा एका म्हातारीने पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून दिले आणि पावती घ्यायला ती थांबलीही नाही. या स्मरणिकेत देणगीदारांची यादी आहे, ती वाचताना आकडे पाहू नका. ती सगळी एकाच घराच्या धन्यांची यादी आहे.

पण एक सांगतो. कळस चढला म्हणजे काम संपले असे नाही. पत्रिकेत धनी बलवान आहे की नाही ते आपल्या हातात नसते. इथे मात्र आहे. पाच वर्षांनी छत पाहायचे कोणी, सांडपाण्याची मोरी साफ ठेवायची कोणी, या मंडपात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा कोणी, हे आजच ठरवून घ्या. अभ्यासाला बसायची पहिली पाळी मी घेतो. पाढे अजून पाठ आहेत.

माझ्या बोलण्यात कमीजास्त झाले असेल तर क्षमा करावी. प्रभू रामचंद्रांच्या चरणी नमस्कार करून मी आपली रजा घेतो.

जय जय रघुवीर समर्थ!